पावसाआधी घराची पाहणी

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. घर बांधायला काढलं की माणसाची कशी दमछाक होते, हे तिनं एका ओळीत सांगून टाकलं आहे. पण घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, त्यानंतर काय करायचं हे मात्र ही म्हण सांगत नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की, त्यानंतर काही करायचंच नसतं. नुसतं राहायचं असतं. लग्नाच्या बाबतीत अशी समजूत करून घेणाऱ्याचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. घराच्या बाबतीतही तेच होतं. फरक इतकाच की, घर तोंडानं बोलून दाखवत नाही.

आज मी बोलणार आहे ते घर बांधण्याविषयी नव्हे, बांधलेलं घर पाण्यापासून राखण्याविषयी. मी इंजिनिअर नाही, गवंडीही नाही. एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा 'हा मास्तर आम्हाला कौलं बसवायला शिकवणार की काय?' असं कुणाच्या मनात आलं, तर ते रास्तच आहे. पण हा विषय मला पुस्तकातून मिळालेला नाही. एका पडलेल्या भिंतीनं तो मला शिकवला, आणि त्या शिकवणीची फी जबर होती. ती हकीकत आधी सांगतो.

आमचं मूळ घर सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. दगडी जोतं, त्यावर मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मंगळुरी कौलं. वडील होते तोवर वैशाखात घर शाकारायचं म्हणजे शाकारायचं. त्यात कधी खंड पडला नाही. दोन माणसं चार दिवस लावून सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा ठोकून बघायच्या, आणि पुन्हा एकेक कौल जागच्या जागी बसवायचं. आम्ही मुलं खालून कौलं वर द्यायचो. उन्हानं पाठ भाजायची आणि कौलांच्या धुळीनं डोळे चुरचुरायचे. दरसाल हा उपद्व्याप कशाला, असं तेव्हा वाटे.

वडील गेले. त्यानंतरच्या पहिल्या वैशाखात मी जाऊन शाकारणी करवून घेतली. दुसऱ्या वर्षी मात्र मे महिन्यात माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी आईला फोनवर म्हणालो, "गेल्याच वर्षी सगळं नीट केलंय. एक वर्ष नाही केलं तर काय घर पडतंय?" आई काही बोलली नाही. आषाढात तिचा फोन आला तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, "मागची भिंत घामेजल्यासारखी लागते रे हाताला." मी म्हणालो, "पावसाळ्यात भिंती ओलसर व्हायच्याच गं."

श्रावणात तीन दिवस संततधार लागली. चौथ्या दिवशी पहाटे मागची भिंत आत कोसळली, ती आईच्या खाटेवर. आई त्या वेळी परड्यात म्हशीची धार काढत होती, म्हणून वाचली. रोजच्यापेक्षा ती अर्धा तास उशिरा उठली असती, तर आज हे भाषण देण्याचं धैर्य मला झालं नसतं.

मी गावी पोचलो तेव्हा आमच्या गावच्या सुतारांनी भिंतीच्या माथ्यावर बसवलेल्या तुळईचा तुकडा माझ्या हातात दिला. अस्सल लाकूड, पण त्यात बोट सहज आत गेलं. त्यांनी मला वर पाहायला सांगितलं. आंब्याची एक फांदी वाऱ्यानं घासून दोन कौलं टीचभर सरकली होती. फक्त दोन! ते पाणी घरात पडत नव्हतं. थेट भिंतीच्या माथ्यावर पडून आत मुरत होतं. सुतार म्हणाले, "मास्तर, हे घरात गळलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही खाली बादली ठेवली असती, आणि बादली भरली की आठवण राहिली असती."

त्यांचं हे वाक्य माझ्या मनात कायमचं राहिलं. टपटप गळणारं पाणी त्यामानानं प्रामाणिक असतं. आपण आलोय हे ते सांगतं. घराचा घात करतं ते न बोलता मुरणारं पाणी. एखाद्या व्यवहारात लबाडी दिसली की आपण 'इथं कुठंतरी पाणी मुरतंय' असं म्हणतो. आपल्या वाडवडिलांनी ही बोलण्याची तऱ्हा घरांच्या भिंती बघूनच घेतली असावी, असं मला वाटतं.

आता हे पाणी असतं तरी किती? एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होतं. आपल्या घराचं छप्पर शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७५ चौरस फूट धरा. कोकणात अनेक ठिकाणी वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एका छपरावर ३ लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर असे तीस टँकर झाले. सोलापूरकडचा श्रोता म्हणेल, 'आमच्याकडे कुठला आलाय एवढा पाऊस?' तिथे ७०० मिलीमीटर धरला, तरी ७० हजार लिटर होतात. एवढं पाणी दरसाल आपल्या डोक्यावर येतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं निमूटपणे वाहून जातं. जे जात नाही, त्याच्याशी आपली गाठ आहे.

हे पाणी घरात चार वाटांनी शिरतं: वरून, बाजूनं, खालून आणि आतून. या चारही वाटा आपण क्रमानं पाहू.

पहिली वाट वरची. घर कौलारू असेल तर भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि आत उभं राहून वर पाहा. जिथून कवडसा येतो, तिथून पाणीही येण्याचा संभव असतो. त्या जागेखालच्या वाशावर खडूनं खूण करा. मात्र ध्यानात ठेवा, पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असतं असं नाही. ते वरच्या बाजूला शिरतं, वाशावरून किंवा रिपेवरून हातभर, कधी चार हात वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी पडतं. आपण तिथलंच कौल बदलत राहतो. याला म्हणतात 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी'. खूण दिसली की उताराच्या वरच्या दिशेनं शोधत जावं.

मंगळुरी कौल ही मोठी हुशारीची वस्तू आहे. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. एका कौलाची खाच दुसऱ्यात अडकते आणि त्या खाचेतून पाणी खाली वाहून जातं. पण त्या खाचेत पालापाचोळा, माती, शेवाळ बसलं की पाणी तिथे अडतं आणि आडवं होऊन आत शिरतं. कौल फुटलेलं नसतानाही घर गळतं, ते पुष्कळदा यामुळेच. म्हणून शाकारणी म्हणजे नुसती फुटकी कौलं बदलणं नव्हे. कौलं चाळणं, झाडणं हा तिचा अर्धा भाग आहे. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटणं हाही त्यातलाच.

सोलापूर, मराठवाडा, खानदेश या भागांत धाब्याची घरं आहेत. पावसाआधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा थर देण्याची रीत तिथे आहे आणि ती योग्यच आहे. पण दरसाल थरावर थर चढवत गेलं की धाब्याचं ओझं वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या भागातल्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड छपरं कोसळून हजारो माणसं गाडली गेली. म्हणून नवा थर द्यायचा तर आधी सैल झालेला जुना थर खरवडून काढावा, गवत मुळासकट उपटावं आणि मगच माती टाकावी. घर गळू नये म्हणून केलेला उपाय घरावर ओझं होऊ नये.

आता सिमेंटच्या स्लॅबकडे येऊ. इथेच आपली मोठी फसगत झाली आहे. कौलारू घर दर वैशाखात आपल्याला वर चढायला लावत असे. स्लॅब आला आणि आपण म्हणालो, सुटलो एकदाचे! सिमेंटला काय करायचंय? पण सिमेंटलाही बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी आणि हवा आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतं. त्याला आत जागा नसते, म्हणून ते भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. छताचे पोपडे पडतात, मग खपल्या पडतात, आणि शेवटी सळया उघड्या दिसू लागतात. तोवर काम शेकड्यांतून हजारांत आणि हजारांतून लाखांत गेलेलं असतं.

स्लॅबची निगा अवघड नाही. वर वाळत घातलेल्या वस्तू, जुन्या विटा, मोडकी खाट हे सगळं खाली आणा. झाडून घ्या. पाणी वाहून जाण्याच्या नळाच्या तोंडाशी हात घालून पाला काढा आणि तिथे जाळी बसवा. गच्चीवर एक-दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार नळाच्या दिशेनं असावा. पाणी जिथे डबकं करून राहतं, तिथे कोळशानं रेघ ओढा. गवंड्याला तेवढीच जागा दुरुस्त करायला सांगता येईल. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात, तो कोपरा नीट पाहा. तिथे गवंडी सिमेंटचा गोलसर वाटा मारतात. तो सुटला असेल तर पाणी त्या फटीतून भिंतीत उतरतं.

आणि एक नाजूक गोष्ट. कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवतं. पिंपळ उपटायचा कसा, म्हणून आपण त्याला राहू देतो. दोन वर्षांत त्याची मुळं भेग रुंद करतात. पिंपळ रोप असतानाच मुळासकट अलगद काढावा आणि ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत लावावा. पिंपळही जगेल, घरही जगेल. नुसता वरून छाटला, तर तो पुन्हा फुटतो.

दुसरी वाट बाजूची. पावसाची झड ज्या दिशेनं येते, त्या भिंतीला सगळ्यांत जास्त मार बसतो. आपल्याकडे ती बहुधा नैर्ऋत्येची किंवा पश्चिमेची भिंत असते. कोकणात त्या बाजूला झापं बांधण्याची चाल आहे, ती उगीच नव्हे. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्ज्यावर साचलेली माती, गिलाव्याला पडलेला तडा या गोष्टी उन्हाळ्यातच बुजवून घ्याव्यात. बोटानं ठोकून पाहावं. गिलावा पोकळ वाजला तर तो भिंतीपासून सुटलेला आहे असं समजावं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच असावी लागते. त्या खाचेपाशी थेंब सुटून खाली पडतो. खाच नसेल तर तेच पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं.

मातीच्या भिंतींना एक सूचना. जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा करू नका. दिसायला ती भिंत पक्की दिसते, पण माती जी ओल आत घेते, ती तिला बाहेर सोडता येत नाही. आतल्या आत भिंत मऊ होते आणि वरचा गिलावा ढाल सुटावी तसा सुटून पडतो. मातीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच मानवतो.

तिसरी वाट खालची. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. पण जमिनीतलं पाणी मात्र भिंतीत वर चढतं. दिव्याच्या वातीतून तेल जसं चढतं, तसंच. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. विटा आणि माती यांच्यात केसासारखी बारीक छिद्रं असतात, त्यांतून ओल हातभर, कमरेइतकी वर येते. पाणी उडून जातं आणि त्याबरोबर आलेला क्षार भिंतीवर पांढरा फुटतो. त्याला आपण लोणा लागला म्हणतो. नवं घर बांधताना जोत्यावर ओल अडवणारा एक थर घालतात. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. दोन पैसे वाचवायला तो थर गाळू देऊ नका; घर उभं राहिल्यावर तो घालणं फार कठीण आणि खर्चाचं काम आहे.

जुन्या घरांनी काय करावं? पाणी भिंतीच्या पायाशी राहू देऊ नये. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून पडत असेल, तर पन्हळ लावून ते लांब सोडावं. घराभोवतीच्या जमिनीचा उतार घरापासून दूर असावा. भिंतीला टेकून शेणखत, माती, सरपण रचू नये. तिथे ओल राहते, आणि जिथे ओल तिथे वाळवी. मोरीचं पाणी भिंतीलगत मुरत असेल, तर ते परसातल्या केळीला किंवा लांबच्या शोषखड्ड्याला न्यावं. काळ्या जमिनीवर घर असणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाचा एक कोपरा भिजका आणि दुसरा कोरडा राहिला, की भिंतीला तडा गेलाच म्हणून समजा. आणखी एक गोष्ट हल्ली जागोजागी दिसते. रस्त्यावर खडी-डांबराचे थर चढत जातात आणि वीस वर्षांपूर्वी उंच असलेलं जोतं रस्त्याच्या खाली जातं. पाऊस आला की रस्त्याचं पाणी दारात. अशा ठिकाणी नाली वेळेवर उपसणं आणि उंबऱ्यापुढे लहानसा बांध घालणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

चौथी वाट आतली. आता गावोगाव नळ आले, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, भिंतीतून नळ्या गेल्या. म्हणजे पावसाळा संपला तरी घरात पाणी आहेच. टाकी भरून वाहते आणि रोज एकाच भिंतीवरून ओघळ उतरतो. नळाचा सांधा भिंतीच्या आत पाझरतो. याची परीक्षा सोपी आहे. रात्री निजताना सगळे नळ बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी खूण सोडून खाली गेलं असेल, तर कुठेतरी ते मुरतंय. ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली असेल, तर मात्र हात लावून पाहू नका. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करता येत असेल तर तो बंद करा आणि वायरमनला बोलवा.

या चार वाटा पाहायच्या केव्हा? मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. त्याआधी, चैत्र-वैशाखात, छपराचं आणि भिंतीचं काम उरकावं. भेगा कोरड्या असतात आणि गवंडी-सुतारही मिळतात. मृगाच्या तोंडावर धावपळ करणाऱ्याला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर तो सांगेल ती मजुरी द्यावी लागते. रोहिणी नक्षत्रात पन्हळी, नळांची तोंडं आणि नाल्या साफ कराव्यात. मध्येच वळीव आला तर त्याला शिव्या देऊ नका. तो फुकटचा परीक्षक आहे. सर थांबली की लगेच घरभर फिरून कुठे ओल आली ते पाहून घ्यावं. आणि पावसाळा संपल्यावर, दिवाळीची साफसफाई करताना, रंग देण्याआधी पुन्हा एक फेरी मारावी. ओल्या भिंतीवर रंग देणं म्हणजे गळवावर पावडर लावण्यासारखं आहे.

छपरावर चढणाऱ्यांनी जपावं. कौलावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर मध्येच पाय देऊ नये. खाली आधार असेल तिथेच, शक्यतो फळी टाकून, पाय ठेवावा. भर पावसात चढू नये, एकट्यानं चढू नये, आणि विजेच्या तारा जवळ असतील तर मुळीच चढू नये. चार कौलांपेक्षा माणूस मोलाचा.

आता माझ्या विषयाकडे, अर्थशास्त्राकडे, येतो. कारखानदार यंत्र घेतो तेव्हा ते झिजणार हे धरून चालतो आणि दरसाल हिशेबात घसारा मांडतो. शेतकरी बैलाच्या खुराकाचा हिशेब करतो. पण आयुष्यभराची कमाई घालून बांधलेल्या घराचा घसारा कुणी मांडत नाही. माझ्या हिशेबाचं उत्तर सांगतो. त्या वर्षी मी दोन माणसांचे चार दिवस, म्हणजे आठ रोज वाचवले. भिंत, तुळई आणि छपराचा तो भाग पुन्हा उभा करायला गवंडी, सुतार आणि मजूर मिळून १६० रोज लागले. लाकूड आणि कौलं वेगळी. एक वर्षाची शाकारणी चुकवून मी वीस वर्षांच्या शाकारणीचे पैसे एकदम मोजले. आणि मी अर्थशास्त्र शिकवतो!

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. हे घर आपण भाड्यानं घेतलं असतं तर महिन्याला काय भाडं पडलं असतं, त्याचा अंदाज घ्यायचा. वर्षातून तेवढं एका महिन्याचं भाडं घराच्या नावानं बाजूला ठेवायचं. सुगीत धान्य विकल्यावर शेतकऱ्याला हे जमेल, पगारदाराला दरमहा थोडं थोडं टाकून जमेल. एखाद्या वर्षी खर्च झाला नाही, तर ती रक्कम पुढच्या वर्षाला कामी येते. थेंबे थेंबे तळे साचे, हे गळतीच्या बाबतीत खरं आहे, तसंच या डब्याच्या बाबतीतही खरं आहे.

शिक्षक बंधुभगिनींना मला दोन शब्द सांगायचे आहेत. हा विषय वर्गात शिकवण्यासारखा आहे आणि त्याला सामान काही लागत नाही. बशीत शाईचं पाणी घेऊन त्यात खडू उभा करा. शाई खडूत वर चढते, ती मुलांना डोळ्यांनी दिसेल; मग त्यांना शाळेच्या भिंतीवरचा लोणा दाखवा. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा, पाणी मोजा, त्याला चोवीसनं आणि मग तीनशे पासष्टनं गुणायला लावा. ते गणित मुलं घरी जाऊन सांगतील. शाळेचा नकाशा काढून कुठे ओल, कुठे तडा, कुठे फुटकं कौल, त्याच्या खुणा मुलांकडून करून घ्या. मुलांनी खालून पाहायचं, चढायचं मात्र नाही. हा नकाशा अर्जाला जोडून शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि ग्रामपंचायतीपुढे उन्हाळ्यातच ठेवा. 'शाळा गळते' या दोन शब्दांपेक्षा खुणा केलेला नकाशा अधिक काम करतो.

आणि तडा वाढतो आहे की नाही, हे ओळखायचं कसं? तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. महिन्यानं पाहा. तडा रेघेपलीकडे गेला असेल तर गवंड्याला बोलवा. पण भिंतीला पोट आलं असेल, दार आपोआप अडकू लागलं असेल, पायाशी माती सुटून पडत असेल, तर महिनाभर थांबू नका. त्या भिंतीलगतची खाट हलवा, गुरं दुसरीकडे बांधा, वर्ग दुसऱ्या खोलीत भरवा. दुरुस्ती मागून होईल. माणसं आधी हलवा. माझ्या आईच्या बाबतीत हे मला सुचलं नाही, म्हणून इतक्या कळकळीनं सांगतो.

आमची ती भिंत पुन्हा उभी राहिली. आता दर वैशाखात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला ठेवून मी गावी जातो. कौलं वर देण्याचं काम माझ्या मुलांकडे आलं आहे, आणि तीही मी कुरकुरत असे तशीच कुरकुरतात. आईनं मात्र त्या सकाळनंतर मला एका शब्दानंही दोष दिला नाही. रोज तिन्हीसांजेला ती दिवा लावते आणि मग हळूहळू घराच्या चारी भिंतींवरून तळहात फिरवत जाते. मी एकदा विचारलं, "काय बघतेस गं?" ती म्हणाली, "काही नाही रे. कोरडी आहे का बघते."

श्रोतेहो, आज भाषण संपल्यावर तुम्हीही उठा आणि आपल्या घराच्या मागच्या भिंतीला एकदा हात लावून या. आणि घरातलं कुणी जाणतं माणूस 'भिंत घामेजल्यासारखी लागते' असं म्हणालं, तर 'पावसाळ्यात होतंच असं' एवढं म्हणून फोन ठेवू नका.